पेढे वाटून नोकरी सोडणारी बाई

माझ्या साहेबानं सरकारला लेखी कळवलं, की या बाईंनी नोकरी स्वखुशीनं सोडली आणि सोडण्याच्या दिवशी सगळ्यांना मिठाई वाटली. यातली पहिली गोष्ट साफ खोटी होती. दुसरी खरी होती, आणि तिनंच माझा घात केला.

नोकरी होती लंडनजवळच्या वॉटफर्डच्या कडेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या ग्रीटिंग कार्डांच्या होलसेल गोदामात. दुकानदार फोन करायचे, मी ऑर्डर घ्यायची. कार्डांची चित्रं मला फार दिसायची नाहीत, कोड पाठ असायचे. इंग्रज माणसाकडे प्रत्येक गोष्टीला कार्ड असतं. बाळ झालं, कार्ड. घर घेतलं, कार्ड. मांजर मेलं, त्यालाही कार्ड, आणि ते आमच्याकडे बऱ्यापैकी खपायचं. माझा नवरा गेला तेव्हा ऑफिसनं मला सांत्वनाचं कार्ड दिलं, पांढऱ्या लिलीचं. मी डोळे पुसत ते उलटं केलं आणि पाठीमागचा कोड वाचला. सवय, दुसरं काय.

ऑफिस सोडून जाणाऱ्याचं कार्ड वेगळं. तिथली रीत अशी, की कुणी नोकरी सोडणार असलं की एक खाकी पाकीट गुपचूप टेबलाटेबलावरून फिरतं. आत कार्ड असतं, त्यावर सगळ्यांनी दोन ओळी लिहून सही करायची. आणि जाणाऱ्यानं शेवटच्या दिवशी केक नाहीतर डोनट आणायचे. ही रीत इतकी पक्की, की आमच्याकडे एक ड्रायव्हर जेमतेम महिनाभर टिकला, कुणाला तो आवडायचा नाही, तरी त्याला कार्ड मिळालं. मी त्यावर लिहिलं होतं, ‘तुमची फार आठवण येईल.’ त्याचं तोंडसुद्धा मला आज आठवत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. पण पेढा म्हणजे केक नव्हे, हे इतरांना माहीत नसेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी माझ्या लेकीचा जीसीएसईचा, म्हणजे आपल्या दहावीचा, निकाल लागला. पोरीनं कमाल केली होती. बाप गेल्यानंतरच्या त्या दोन वर्षांत घरात मी धड बोलत नव्हते, धड स्वयंपाक करत नव्हते, आणि ही कधी बसून एवढा अभ्यास करत होती कोण जाणे. संध्याकाळी मी मिल्क पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कचे पेढे केले, वर केशराची काडी लावली. ती म्हणाली, “आई, इतका सगळा कोण खाणार?” मी म्हटलं, “अगं, पेढे खायला करतात होय? वाटायला करतात.”

शुक्रवारी सकाळी स्टीलचा डबा घेऊन मी ऑफिसभर फिरले. ओळख नसलेल्यांनाही दिले, फोर्कलिफ्टवाल्याला खाली बोलावून दिला. एकेकाला सांगत बसले नाही. पेढा हातावर ठेवला की समोरच्यानं विचारायचं असतं, “कशाबद्दल हो?” तिथं कुणी विचारलंच नाही. सगळे “थँक यू, लव्हली” म्हणाले आणि कामाला लागले. फक्त शेजारच्या टेबलावरच्या बाईला मी आपणहून सांगितलं, मुलगी पास झाली. साहेबानं दोन घेतले.

दुपारी त्यानं मला आत बोलावलं. म्हणाला, धंदा बदलतोय, दुकानदार आता वेबसाइटवर ऑर्डर देणार, फोनवर माणूस लागणार नाही. सोमवारपासून आला नाहीत तरी चालेल. आपण हे सलोख्यानं करू या. कागद नाही, पत्र नाही, काही नाही. मी डबा घेऊन उभी. डब्यात दोन पेढे उरले होते. आता माणसाला नोकरीवरून काढल्यावर त्यानं काय करावं? रडावं, ओरडावं, निदान दार आपटावं. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी म्हटलं, “घ्या ना, दोनच उरलेत.” त्यानं ते घेतले. कर्म माझं!

बस स्टॉपवर पोचेपर्यंत मला काही वाटलं नाही. बसमध्ये बसल्यावर मी रिकामा डबा उघडून बघितला.

जॉबसेंटरला, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीत, जाऊन बेकारीच्या अलाउन्ससाठी अर्ज केला. त्यांची पद्धत अशी, की आधीच्या मालकाला विचारायचं, ही बाई का गेली? आपण होऊन सोडलं असेल तर सहा महिन्यांपर्यंत अलाउन्स बंद ठेवता येतो. साहेबाचं उत्तर आलं, त्याची प्रत मला दिली. मी ती काउंटरवर उभ्या उभ्या वाचली. ‘बाईंनी स्वखुशीनं नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी त्यांनी घरी केलेली मिठाई प्रत्येकाला जातीनं वाटली. त्या अतिशय आनंदात दिसत होत्या. उरलेली मिठाई त्यांनी मला स्वतः दिली, त्यावरून कोणताही कडवटपणा नव्हता हे स्पष्ट आहे.’

तळपायाची आग मस्तकात गेली. माझे चार पेढे खाऊन हा मेला असं लिहितो! काउंटरवरचा मुलगा बिचारा सज्जन होता. त्यानं विचारलं, “मिठाई वाटली होती का?” मी म्हटलं, “हो, पण…” त्यानं ‘हो’ लिहून घेतलं.

निर्णय माझ्या विरुद्ध गेला. साहेबानं असं का केलं, ते कळायला फार अक्कल लागत नाही. काढलं म्हटलं असतं तर त्याला मला काही देणं लागलं असतं. सोडलं म्हटलं की सुटला. पण माझा जीव त्यात अडकला नव्हता. लेक सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, नुकती जायला लागली होती. ए-लेव्हलला गणित, फिजिक्स, केमिस्ट्री. शनिवार-रविवार सुपरमार्केटच्या टिलवर, म्हणजे गल्ल्यावर, बसायची. निर्णयाचं पत्र तिनं वाचलं आणि शांतपणे म्हणाली, “आई, ते मला फुलटाइम घेतात. मी विचारलं.”

“खबरदार,” मी म्हटलं. “शाळा सोडलीस तर तंगडी मोडून हातात देईन.”

“मग घर कसा चालणार?”

“मी अपील करणार आहे. ते होईपर्यंत तू टिलवर एक तास जास्त बसायचं नाही. कळलं?”

ती “ओके” म्हणाली. मला रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. नवरा गेला ते माझ्या हातात नव्हतं. ही पोर शिकायची थांबली, तर ते माझ्या हातून झालेलं असणार होतं. त्या एका अपिलावर माझं सगळं टांगलेलं होतं.

अपिलाचा मजकूर आम्ही दोघींनी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला. पेढा म्हणजे काय, हे इंग्रजीत लिहायला एक अख्खा रविवार गेला. ‘दुधाची एक लहान गोड वडी, जी काही चांगलं घडल्यावर वाटतात,’ असं तिनं लिहिलं. मी म्हटलं, “असं लिहिलंस तर ते म्हणतील, नोकरी सुटली हेच चांगलं घडलं.” तिनं खोडलं. मग लिहिलं, ‘जी दुसरं काही चांगलं घडल्यावर वाटतात.’

शेजारच्या टेबलावरच्या बाईला मी फोन केला. म्हटलं, दोन ओळी लिहून दे, की मी मुलीच्या निकालाचं सांगितलं होतं. ती म्हणाली, “डार्लिंग, मला अजून तिथंच काम करायचंय.” मी तिला दोष देत नाही. म्हणजे तेव्हा भरपूर दिला.

स्टॅनमोरला आमच्या एक वहिनी राहायच्या. माझ्या नवऱ्याच्या मित्राची बायको, माझ्यापेक्षा मोठ्या. गणपतीला, दिवाळीला आमचं जाणं-येणं. त्यांना कुठून तरी कळलंच. फोन आला, “अगं, साइन ऑन करतेस म्हणे, बेकारभत्त्यासाठी? आपल्यात कुणी केलेलं नाही गं. लोक काय म्हणतील?”

“वहिनी, लोक माझं गॅसचं बिल भरतात का?”

“तसं नाही गं. पण कोर्टकचेरी? बाईमाणसानं? आणि पेढ्यावरून?”

अर्धा तास मला सगळ्या बाजूंनी समजावून झाल्यावर त्या म्हणाल्या, “बरं, सुनावणी कधी आहे ते सांग. मी एक डबा पाठवते. त्या जजाला पेढा कधी दिसलाय? बघितल्याशिवाय त्याला काय कळणार कपाळ!” वहिनींचं हे असं. आधी बोलायचं, मग करायचं.

सुनावणी फेब्रुवारीत आली. मधल्या काळात मी दुपारच्या पाळीत एका शाळेत मुलांना जेवण वाढणारी डिनर लेडी म्हणून थोडे दिवस बदली काम केलं, लोकांचे कपडे शिवून दिले, आणि लेक मधूनमधून ओव्हरटाइम मिळाला म्हणून पैसे आणून टेबलावर ठेवायची. मी ओरडायचे. ती म्हणायची, “हाफ टर्मचा सुट्टी होता,” किंवा “स्टडी लीव्ह होता.” मी ठेवून घ्यायचे.

ट्रायब्युनल म्हणजे मला वाटलं होतं पिंजरा, टोप, हातोडा. ती एक साधी खोली निघाली. गालिचा, पाण्याचा जग, आणि टेबलापलीकडे सर्दी झालेले एक वयस्कर गृहस्थ. साहेब आलाच नव्हता. त्याचा कागद आला होता. माझ्या शेजारी लेक बसली होती, मांडीवर वहिनींचा डबा घेऊन.

जजनी विचारलं, “तुम्ही शेवटच्या दिवशी मिठाई वाटलीत?”

“शेवटचा दिवस आहे, हे मला दुपारी कळलं. मिठाई सकाळची,” मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं. “आणि काढून टाकल्यावर उरलेली मिठाई मालकांना दिलीत?”

“दिली.”

“का?”

आता याला काय सांगू? मी म्हटलं, “सर, आमच्याकडे डब्यात दोन उरले आणि समोर माणूस असला, तर दिल्याशिवाय डबा बंद करता येत नाही.”

“माणूस कसाही असला तरी?”

“कसाही असला तरी.”

त्यांनी नाक पुसलं आणि बराच वेळ लिहिलं. मी लेकीला खूण केली. तिनं डबा उघडून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, “हा पेढा.” ते वाकून डब्यात बघायला लागले. वाटलं, आता घेतील एक. पण म्हणाले, हे पुरावा म्हणून ठेवून घेता येणार नाही, आणि स्वीकारताही येणार नाही. डबा बंद झाला. माझं अवसानच गळालं. एवढ्या लांबून आणलेला डबा, आणि बिनखाल्ला परत.

“आणखी काही सांगायचंय?” त्यांनी विचारलं. पुढच्या माणसाची वेळ झाली असावी.

आणि मग मला ते सुचलं. इतके महिने कसं सुचलं नाही कोण जाणे. त्या रागात सुचलं असेल. मी म्हटलं, “सर, आमचं गोदाम कशाचं आहे, ते त्या कागदात लिहिलंय का?”

त्यांनी पाहिलं. “ग्रीटिंग कार्ड्स.”

“‘तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं,’ या कार्डाचे आमच्याकडे चौदा प्रकार होते. फुलांचं, सूटकेसचं, रडणाऱ्या कुत्र्याचं. माणूस महिनाभर टिकला तरी आम्ही त्याला कार्ड देतो. मी स्वतः किती तरी कार्डांवर सह्या केल्यात. मी तिथं नऊ वर्षं होते. त्या कागदाप्रमाणे मी आपण होऊन सोडणार होते, ते सगळ्यांना माहीत होतं, मी केकच्या जागी पेढे वाटत फिरत होते, तर मग सर, माझं कार्ड कुठंय?”

माझा आवाज चढला होता, ते मला नंतर कळलं. जजनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला कार्ड मिळालं नाही?”

“नाही. आणि आमच्याकडे ते फुकट होतं.”

त्यांनी पेन उचललं आणि ते लिहून घेतलं. म्हणाले, निर्णय पोस्टानं कळवू.

परतीच्या ट्रेनमध्ये मी हवेत होते. जजांचा चेहरा मी पाहिला होता. पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं वाटलं. लेक समोर बसली होती, तिचं लक्ष खिडकीबाहेर. गाडीनं एक-दोन स्टेशनं घेतल्यावर तिनं डबा उघडला, एक पेढा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

मी हसले. “अगं बाई! कशाबद्दल हो? टेस्टमध्ये पहिली-बिहिली आलीस की काय?”

ती म्हणाली, “आई, मला कार्ड मिळाला.”

“कसलं कार्ड?”

“लीव्हिंगचा. सिक्स्थ फॉर्ममध्ये. मी ख्रिसमसनंतर सोडला. तू ओरडू नको. मी सगळ्यांना डोनट पण नेला.”

मला काही समजेना. पेढा हातात तसाच. ख्रिसमसनंतर, म्हणजे जानेवारी सगळा. रोज सकाळी ही बॅग घेऊन, टिफिन घेऊन जात होती. शाळेचं पत्र आलं असेल, तर तेही तिनंच दारात उचललं असणार. टेबलावर ठेवलेले ते पैसे ओव्हरटाइमचे नव्हते. आणि मी आत त्या खोलीत छाती पुढे काढून विचारत होते, माझं कार्ड कुठंय, तेव्हा ही शेजारी बसून ते ऐकत होती.

“कुणी सांगितलं तुला सोडायला?” मी विचारलं.

“कुणी नाही. मीच.”

“मग मी कशासाठी भांडत होते? अं? कशासाठी भांडत होते मी?”

गाडीतले लोक बघायला लागले. ती रडत नव्हती. मीच रडत होते. ती म्हणाली, “तू रात्री किचनमध्ये बसायचा, लाइट बंद करून. मला दिसायचा. तू हरला असता तर?” तिच्या मराठीला मी कधी हसायचे, कधी सुधारायचे. त्या दिवशी नाही सुधारलं.

थोड्या वेळानं मी म्हटलं, “बघू ते कार्ड.”

ते बॅगेतच होतं. रडणाऱ्या कुत्र्याचं. आत मुलामुलींनी वेड्यावाकड्या अक्षरांत काय काय लिहिलेलं, गणिताच्या मास्तरांनी एका कोपऱ्यात फक्त ‘परत ये’ एवढंच. मी कार्ड उलटं केलं. पाठीमागचा कोड आमच्या गोदामातला. मुलांनी ते ज्या दुकानातून आणलं, त्या दुकानाची ऑर्डर बहुतेक मीच कधीतरी फोनवर घेतलेली असणार.

“उद्या हे परत द्यायचं,” मी म्हटलं.

“आई, कार्ड परत नाही देत.”

“देतात. जायचं रद्द झालं की देतात. खा पेढा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला हाताला धरून सिक्स्थ फॉर्मच्या मुख्य बाईंसमोर उभी केली. पोर सतरा वर्षांची, माझ्यापेक्षा वीतभर उंच, पण हात सोडला नाही. बाई चांगल्या होत्या. त्यांनी फाइल काढली, चष्मा लावला आणि हळुवारपणे म्हणाल्या, “तुम्ही समजून घ्या. तिनं स्वखुशीनं सोडलंय.”

मी म्हटलं, “मॅडम, हे वाक्य मला पाठ आहे. याच्यावर अपील कुणाकडे करायचं तेवढं सांगा.”

अपील करावं लागलं नाही. गणिताच्या मास्तरांना बोलावलं, ते दारातूनच म्हणाले, सोमवारपासून येऊ दे. केमिस्ट्री सोडावी लागली, बुडलेलं फार होतं. बाकी दोन विषय तिनं भरून काढले, दुपारच्या सुट्टीत त्याच मास्तरांकडे बसून. टिलवर पुन्हा शनिवार-रविवार.

ट्रायब्युनलचं पाकीट आलं तेव्हा ती शाळेत होती. मी नोकरी सोडली नव्हती, मला काढलं होतं, असं त्यात छापील अक्षरांत लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं आणि देवापुढे ठेवलं, नवऱ्याच्या फोटोशेजारी. मग मिल्क पावडर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या हातात डबा दिला आणि म्हटलं, “सगळ्यांना दे. मास्तरांना आधी.” तिनं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली. एक कागद फाडून त्यावर जाड मार्करनं इंग्रजीत लिहिलं, ‘कुणीही सोडून जात नाहीये,’ आणि तो झाकणावर सेलोटेपनं चारी बाजूंनी चिकटवला.

डबा संध्याकाळी रिकामा परत आला. तो कागद मी काढला नाही, घासताना जपून घासते.